पुढचं फक्त तुला

लाडके ठमे,
एक गालगुच्चा आणि आशीर्वाद.

ऑपरेशन नीट झालं. दुर्बिणीतून केलं म्हणून पोटावर टिकलीएवढ्या चार खुणा आहेत, बाकी काही नाही. आत गॅस भरतात त्याने खांदा ठणकतो. कापलं कुठे, दुखतंय कुठे! काल व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या. आई, तुझा गुडघा कसा आहे?

आईला इथपर्यंतच वाचून दाखव. पुढचं फक्त तुला.

अकरा गाठी निघाल्या. पिशवी ठेवता आली नाही. मला आता मूल होणार नाही. हे रोज डबा आणतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात.

तपासणीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळी किती दिवस?" मी म्हटलं, "बारा. नेहमीसारखी." त्यांनी पेन खाली ठेवलं. "बारा दिवस नेहमीचे, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

आईने सांगितलं होतं. तिला तिच्या आईने. आणि आपण हसायचो, आपल्या घरात बायकांना सगळंच जास्त: केस, राग, पाळी.

तू जिन्यात मध्येच थांबून चपलेचा पट्टा नीट करतेस. पट्ट्याला काही झालेलं नसतं, ठमे, रक्त कमी झाल्याने दम लागलेला असतो. मीही तेच करायचे.

उद्या कामावर दांडी मार आणि सोनोग्राफी करून घे. "ताई, उगाच घाबरवू नकोस," म्हणशील. घाबर. वर्षभर आधी आले असते तर पिशवी वाचली असती का, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी मला बहीण आहे का, ते विचारलं.

आईला काय सांगायचं ते मी बघते. तू फक्त जा.

तुझ्याकडे डोळे लावून बसलेली,
ताई