दप्तरातल्या बांगड्या

डिसेंबर १९७१, बुधवार, दिवेलागण

सॉफ्टबॉलचा नियमच आहे, बांगड्या घालून मैदानात उतरायचं नाही. मी उतरवून दप्तरात ठेवल्या. आई म्हणते, बाबा फॅक्टरीत बारूद भरतात, लढाई संपेपर्यंत पोरीचे हात रिकामे नकोत, अपशकुन होतो. तिसऱ्या डावात फॅक्टरीकडून धमाका ऐकू आला. "टेस्टिंग होगी, खेलो," खेळाच्या बहनजी म्हणाल्या. मग मला बॅट काहून धरवेना?

घाबरून तशीच घरी पळाले, बांगड्या दप्तरातच. थोड्या वेळाने बाबा आले. धडधाकट. आई त्यांना माझे रिकामे हात दाखवून रडली. ते म्हणाले, "अगं, गेटवर मलाही तू रक्षेसाठी घातलेली अंगठी काढून ठेवावी लागते, बारूदाजवळ धातू नको म्हणून. रोज."

आई त्यांच्या बोटाकडे बघतच राहिली. तिला हे माहीतच नव्हतं.

आता घरात घाबरणाऱ्या आम्ही दोघी.