खुज्या पानांचा वाद

३ मार्च
दात काढत सांगितलं तिने, सगळ्या लॅबसमोर — "ताई, माझ्या ट्रेमधली पानं तर नेहमीएवढीच वाढलीत!" ताई! इथे मॅडम म्हण, हे शंभरदा सांगून झालं. दिराच्या शब्दाखातर त्याच्या बायकोला कामाला लावलं आणि आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

दोन वर्षं घालवलीत मी या जनुकावर. ते बंद केलं की रोपाची पानं खुजी राहतात, देठ आखूड. म्हणजे पान किती वाढायचं ते हे जनुक ठरवतं. पेपर छापून आला की माझी नोकरी कायम. आणि त्याच बियांची रोपं लावून ही म्हणते, नेहमीएवढीच!

४ मार्च
बी बदललंय तिने. दुसरं काय!

९ मार्च
तिच्या रोपांची पानं तपासून घेतली. जनुक बंदच आहे. म्हणजे बी माझंच. मग पाण्यात काहीतरी घातलं असणार. लॅबच्या सरांना तोंडावर सांगितलं — एक तर ती राहील, नाही तर मी.

११ मार्च
काढलं तिला. दीर भरल्या ताटावरून उठून गेला. जाऊ दे!

निघताना म्हणते कशी — "ताई, तुम्ही तुमची रोपं रोज हातात धरून मोजता. तुलनेसाठीच्या साध्या रोपांचे नुसते फोटो काढता. मी कुणालाच हात लावला नाही." फार हाताळलं तर रोप खुरटतं, हे मलाही ठाऊक आहे. पण एवढ्यातेवढ्याने? लाजाळू आहे का ते! कालची पोर आणि मला शिकवते.

१२ मार्च
तिचं तोंड कायमचं बंद करते. साध्या रोपांचा नवा ट्रे लावला, जनुक शाबूत असलेला. अर्धी रोपं रोज हातात धरून मोजणार. उरलेल्या अर्ध्यांना बोटही लावायचं नाही.

१९ मार्च
सासूबाई म्हणाल्या, "घे गं तिला परत." म्हटलं, थांबा, तुमच्या लाडक्या सुनेचे गुण कळतीलच.

३१ मार्च
पेपर पाठवला एकदाचा. सरांनी पेढे नाही तरी चहा दिला.

४ एप्रिल
हाताळलेली सगळी खुजी. देठ आखूड. पेपरातल्या चित्राशी ताडून पाहिली — काडीचा फरक नाही. आणि या रोपांचं जनुक जागच्या जागी आहे.

लाज वाटते. ती स्वयंपाकघरात भांडी लावतेय. उठायला हवं.