खिडकीतली अर्धी बाटली

सोलापूर,
शनिवार, १२ जुलै २०२५

चि. श्रीदेवी हिस अज्जाचे आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. अज्जीची गुडघेदुखी उतारावर आहे. मात्र तुझ्या पत्रातील एक विधान चुकीचे आहे. ‘चांदीचे कण एकावन्नाव्या दिवशी आपोआप तळाशी बसले, म्हणून माझी पद्धतच सदोष’ असे तू लिहितेस आणि त्याच कारणाने सोमवारी संशोधन सोडल्याचा अर्ज देणार आहेस. त्यातील ‘आपोआप’ खोडावे.

शुद्ध पाण्यात चांदीचा तुकडा ठेवून, त्यावर लेसरचा मारा करून तू चांदीच्या सूक्ष्म कणांचे ते पिवळे पाणी सिद्ध केलेस. सौरपट्ट्या थंड ठेवू शकणारे ते पाणी सोलापूरच्या उन्हाळ्यात टिकते का, हे पाहण्यासाठी गेल्या वर्षी बाटली आपल्या खिडकीत ठेवलीस. चाचणीसाठी थोडे थोडे काढून नेल्यामुळे ती अर्धी झाली होती.

आपल्याकडे नळ दर पाचव्या दिवशी येतो. त्या दिवशी घरातले एकही भांडे अर्धे राहू नये, हा माझा चाळीस वर्षांचा नेम. अज्जी ओरडली, “अहो, ती श्रीदेवीची हाय, हात लावू नगा की!”

“पाणीच आहे ना?” असे म्हणून मी ती नळाखाली काठोकाठ भरली.

संध्याकाळपर्यंत तळाशी काळा गाळ बसला. नळाच्या पाण्यातील क्षारांमुळे कण एकमेकांना चिकटून खाली बसतात, हे तूच आपल्या लेखात लिहिले होतेस. तो लेख त्याआधीच, मार्चमध्ये, मीच तपासला होता. मी वेलांट्या पाहिल्या. अर्थ पाहिला नाही.

गाळ तसाच ठेवून मी वरचे पाणी ओतून टाकले आणि बाटली पुन्हा अर्धी केली. दोन दिवसांनी तू आलीस. बाटली उजेडात धरून म्हणालीस, “अज्जा, माझंच चुकलं.”

आयुष्यभर इतरांच्या चुकांखाली तांबडी रेघ ओढणारा मी, गप्प राहिलो. अज्जी अजूनही म्हणते, “सांगा की तिला. पोरीचं आयुष्य हाय ते.” तिलाही मी बोलू दिले नाही.

तुझा भाऊ गुरुशांत उद्या पुण्यास येत आहे; हे पत्र तो तुझ्या हाती देईल. तुझ्या मार्गदर्शकांना दाखव. माझे नाव झाकू नकोस.

दिनांकांची दुरुस्ती:

१८ एप्रिल २०२४ : बाटली खिडकीत ठेवली. (तू १९ लिहिलेस.)

६ जून २०२४ : एकोणपन्नास दिवस पूर्ण. सकाळी रंग स्वच्छ पिवळा, गाळ अजिबात नाही. सात वाजता मी नळाचे पाणी भरले.

८ जून २०२४ : तू स्वतःला दोष दिलास. मी ऐकून घेतले.

१४ जुलै २०२५ : अर्जाचा दिवस. याची दुरुस्ती माझ्या हातात नाही.

तुझा अपराधी,
महादेवप्पा