खिडकीतला नमुना

२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोन करत जा म्हणतेस, पण फोनला वास येत नाही. तीस वर्षं साबणाच्या कारखान्यात वास घेऊन पोट भरलेल्या माणसाला बिनवासाची खुशाली पटत नाही.

इथे माझ्या नाकी नऊ आलेत, तेही शब्दशः. साबणात घालायचं कस्तुरीचं सुगंधी तेल आमच्याकडे पिंपांनी तयार होतं. प्रत्येक पिंपाचा वास मी नमुन्याच्या बाटलीशी ताडून पाहतो. जुळला तर ठीक, नाहीतर पिंपावर खडूने ‘नापास’. गेल्या दोन महिन्यांत सव्वीस पिंपं नापास केली. कृती तीच, माल तोच. मालकांचे जावई म्हणतात, पिंपं नव्हे, काकांचं नाक नापास झालंय. हे जावई स्वतःच एक नमुना आहेत. डिसेंबरात आल्या आल्या त्यांनी माझं लाकडी कपाट हलवलं आणि नमुन्यांच्या बाटल्या खिडकीत काचेच्या फळीवर मांडल्या, पाहुण्यांना दिसाव्यात म्हणून.

एक विचारतो, खरं सांग. तुझ्या पत्राला बूटपॉलिशचा वास होता आणि त्याखाली सिगारेटचा. ओढतेस का? रागावणार नाही, मला फक्त नाक तपासायचंय.

लोभ आहेच, तो वासावर अवलंबून नाही.

तुझा काका

१० फेब्रुवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

सिगारेट? मी? काहीतरीच काय काका! आईच्या कानावर असलं काही घालू नका, नाहीतर नसती उठाठेव. बूटपॉलिशचा वास मात्र खरा, तो माझ्या नायट्रोबेंझीनचा.

आई विचारते, तू प्रयोगशाळेत नेमकं करतेस काय? तिला सांगा, लोकांची घरं मोडते. सहा कार्बनांचं एक कडं असतं. त्याला नायट्रो नावाचं बिऱ्हाड चिकटलेलं, एक नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजन. मी त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारा, जांभळ्याच्या पलीकडचा उजेड सोडते. तो गिळला की रेणूचा तोल जातो. कधी तिघंही सरळ चालू लागतात. कधी आधी कूस बदलून ऑक्सिजनच्या बाजूने कड्याला चिकटतात, मग तो एक ऑक्सिजन मागे ठेवून उरलेले दोघं पळतात. कोण कुठल्या दाराने गेलं ते मी मोजत बसते. दोन वर्षं झाली. सर म्हणतात, अजून पुष्कळ दारं आहेत.

नाकाचं मनावर घेऊ नका. वय झालं की व्हायचंच.

लोभ करताच, तसाच चालू ठेवा.

तुमची भिंगरी

१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझं उत्तर वाचलं आणि माझा निर्णय झाला. तू मला खोटं सांगायची नाहीस. म्हणजे नसलेला वास मला आला. काल राजीनामा दिला. मार्चअखेर शेवटचा दिवस.

वाईट वाटतं. तीस वर्षं नाकाने कांदे सोलले, आता तेच नाक कापलं गेलं. सकाळी चहाचा कप नाकाशी धरून बसतो, हा वास तरी खरा आहे ना म्हणून. चहा गार होतो, तुझी काकू तापते.

नमुन्याची बाटलीही माझ्यासारखीच पिवळी पडली आहे. आधी पाण्यासारखी होती. पण हे बोललो तर जावई म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडं. आणि हो, तुझं ते बिऱ्हाड आमच्याकडेही आहे. आमच्या कृत्रिम कस्तुरीच्या डब्यावर नायट्रो असं लिहिलंय. जगात सगळे एकमेकांचे पाहुणे.

लोभ असू दे, आता मला रिकामा वेळही असेल.

तुझा काका

२४ फेब्रुवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

राजीनामा मागे घ्या. आधी कबुली देते, तोंडाने देववेना म्हणून फोन केला नाही. मी ओढते. दिवसाला तीन, मागच्या जिन्यावर बसून. तुमचं नाक बरोबर होतं. आईच्या भीतीने मी माझी अब्रू वाचवली आणि तुमचं नाक कापलं. फार लाज वाटते, काका. आजपासून सोडली.

आता बाटली. तुमची कस्तुरी नायट्रोवाली आणि जावयांनी ती दोन महिने उन्हात बसवली! माझ्या नळीत विरळ वाफ, रेणू एकेकटे असतात, तुमच्या बाटलीत गर्दी, त्यामुळे तिथे नेमकं कोण कुठल्या दाराने गेलं ते छातीठोकपणे सांगणार नाही. पण उजेडात ही मंडळी बिघडतात आणि पिवळी पडतात. बिघडलाय तो नमुना, आणि तुम्ही नापास करताय पिंपांना. चोर सोडून संन्याशाला फाशी! उजेड न पाहिलेला जुना नमुना कुठे असेल तर शोधा. आणि वास घ्याल तो न बघता, कागदी पट्ट्या तेलात बुडवून आणि कोणाला तरी त्या पत्त्यांसारख्या पिसायला सांगून.

लोभ उरला असेल तर असू द्यावा.

तुमची खोटारडी भिंगरी

४ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

माझं कपाट गोदामात आडवं पडलं होतं. खालच्या खणात, बुटांच्या खोक्यात, त्याच नमुन्याची दुसरी बाटली निघाली. नमुना ठरला त्या दिवशी दोन भरल्या होत्या, ते विसरलोच होतो. पाण्यासारखी स्वच्छ. पॅकिंगच्या बाईंनी बारा कागदी पट्ट्या बुडवल्या, मागे आकडे टाकले आणि पिसल्या. चार खिडकीतल्या बाटलीच्या, चार खोक्यातल्या, चार नापास पिंपांच्या. खिडकीतल्या चारही मी बाजूला काढल्या. उरलेल्या आठांत मला फरक सापडेना, कारण तो नव्हताच. जावई म्हणाले, नशीब. पुन्हा पिसल्या, पुन्हा तेच. मग जावयांनी स्वतः वास घेतला, त्यांना बाराही सारख्याच वाटल्या. शेजारी उभं राहून बघणाऱ्या मालकांना एकदम बाहेर काहीतरी काम निघालं.

सव्वीस पिंपांवरचा खडू मी माझ्या हाताने पुसला. राजीनामा परत मिळाला. त्यावर ‘नापास’ लिहून तो बुटांच्या खोक्यात ठेवला. मग गोदामाचं दार लावून थोडा रडलो. हे काकूला माहीत नाही.

आता तुझं. चूक कबूल केलीस, बरं वाटलं. आईला सांगणार नाही. पण सोडली म्हणून लिहितेस, आणि पाकीट फोडायच्या आधीच मला पेपरमिंटचा वास आला, पेपरमिंटच्या खाली सिगारेटचा, अगदी ताजा. पत्र नापास. दुसरं पाठव, तोवर लोभ आहे तेवढाच राहील.

तुझा, नाकासकट,
काका