दाराची थरथर

मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६, संध्याकाळ

जीव आंबलाय. जुन्या गाडीत गाणं लावलं की दार थरथरायचं. नवे स्पीकर परवडत नाहीत, म्हणून निजामपुऱ्यातून स्वस्तातले कपॅसिटर आणले आणि दुपारभर खपून स्पीकरच्या वायरीत एकेक जोडला. घुमणारा खर्ज तेवढा कापला गेला, दार गप्प झालं, गाणं लख्ख ऐकू यायला लागलं. खूश होऊन बाबांना चक्कर मारायला नेलं. नेहमीसारखा दारावर हात ठेवून बसले आणि म्हणाले, "गानी बंद केलीस काय रं?"

आवाज तर चांगला मोठा होता!

आयुष्यभर लूमच्या खडखडाटात ड्युटी केलेले कान. मला कसं कळलं नाही? इतके दिवस ते हातानंच ऐकत होते का?

दमलोय, पण कपॅसिटर आत्ताच काढतो. थरथरू दे दार.