संगमरवरी पाटीऐवजी घंटा मिळणेबाबत

प्रति,
मेहेरबान कलेक्टरसाहेब,
जिल्हा रत्नागिरी.

विषय : कोंडबंदरच्या धक्क्यावर संगमरवरी पाटीऐवजी घंटा बसविण्याबद्दल.
संदर्भ : कोंडबंदर म्युनिसिपालिटीची सभा, ता. १४ सप्टेंबर १९३५, व पाटी उघडण्याचे हुजुरांस गेलेले निमंत्रण.

मेहेरबान साहेब,

१. अर्जदार दमयंतीबाई तोडणकर या कोंडबंदर म्युनिसिपालिटीत स्त्रियांच्या जागेवर निवडून आलेल्या सभासद असून, मुंबई बंदरातील पोहण्याची शर्यत लागोपाठ तीन वर्षे जिंकणाऱ्या प्रसिद्ध गृहस्थांच्या विधवा आहेत. त्या गृहस्थांचे नाव या मजकुरात मुद्दाम घातलेले नाही. बाई नवऱ्याचे नाव घेत नाहीत, आणि हा अर्जनवीस लिहितो ते समोर बसून अक्षर न् अक्षर वाचून पाहतात. नाव शेवटी येईल.

२. आपण सभासद झालो ते यजमानांच्या लौकिकावर, हे बाई स्वतःच सांगतात. सन १९३० साली मंडळींनी घरी येऊन गळ घातली, यजमानांनी हसून होकार दिला आणि बाई निवडून आल्या. पुढे पाच वर्षे वृत्तांतात त्यांची हजेरी "सुप्रसिद्ध पोहणारे यांचे कुटुंब हजर" अशीच लागली. त्या कुटुंबाने पाच वर्षांत एकच गोष्ट मागितली. पौष-माघात सकाळी खाडीवर धुके इतके दाटते की होडीवाल्याला स्वतःचे वल्हे दिसत नाही. सबब धक्क्यावर एक घंटा टांगावी. दोनदा सूचना आली, दोनदा हशा पिकला. अध्यक्ष म्हणाले, "बाई, एवढा पोहणारा घरात असताना घंटा हवी कशाला?" हा अर्जनवीसही त्या दिवशी मागे बसून पोटभर हसला होता.

३. गेल्या पौषात सकाळच्या धुक्यात गफूर तांडेलाची होडी खाडीच्या मध्यावर खडकाला आपटून उलटली. आठ माणसे पाण्यात पडली. बाईंच्या यजमानांनी धक्क्यावरून उडी टाकली व एकेकाला आणू लागले. त्यांना धक्का दिसत नव्हता. लोक त्यांच्या नावाने हाका मारीत आणि ते आवाजाच्या रोखाने येत. अशी सात माणसे वाचली. पाचवा हा अर्जनवीस. साहेब, तो थंडीने काकडला होता म्हणून चौघांनी उचलून घरी नेला. प्रत्येकाच्या मागे अशीच माणसे गेली, आणि शेवटच्या खेपेला धक्क्यावर फक्त बाई आणि सातवा, अर्धमेला गफूर, एवढीच उरली. बाई "अहो, अहो" अशा हाका मारीत होत्या. पैलतीरावरही बायका आपापल्या माणसांना तशाच हाका मारीत होत्या, त्यामुळे कोणती हाक कुठल्या काठाची ते पाण्यातून कळणे कठीण. गफूरने कसाबसा आवाज काढून सांगितले, "वयनी, नाव घेवन हाक मारा." बाईंच्या तोंडून नाव निघाले नाही. यजमान आणि आठवी, मासळी विकणारी गंगुबाई, दुसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी सापडली.

४. ओहोटीची ओढ होती, माणूस दमलेला होता, नावाने हाक मारूनही कदाचित आला नसता, असे या अर्जनविसाने बाईंना पुष्कळ समजावले. त्या ऐकून घेतात आणि पुन्हा विचारतात, आले असते का हो? याला कोणत्या कायद्यात उत्तर आहे ते हुजुरांनीच सांगावे. आम्ही वाचलेले सातजण आता त्यांच्या दारावरून जाताना मान खाली घालतो.

५. म्युनिसिपालिटीने आता धक्क्यावर यजमानांच्या नावाची पाटी बसविण्याचे ठरविले आहे. बाईंनी पाटीऐवजी घंटा सुचविली. अध्यक्षांनी नियम काढला की, ज्याचे स्मारक त्याचे नाव सूचना मांडणाऱ्याने सभेत उच्चारले पाहिजे. बाई उठल्या. पाव तास तशाच उभ्या होत्या. मग खाली बसल्या. "दमयंतीबाई तोडणकर यांनी नाव न सांगितल्यामुळे सूचना रद्द" असे वृत्तांतात आहे. पाच वर्षांत बाईंचे स्वतःचे नाव दप्तरी लागले ते याच ओळीत.

६. संगमरवरी पाटी धुक्यात कोणाला दिसणार? गफूर पुन्हा होडी घालतो. पौष दीड महिन्यावर आला. घंटा कोणाही बाईला वाजविता येते, तिला कोणाचे नाव घ्यावे लागत नाही. तरी हुजुरांनी पाटी उघडण्यास येण्यापूर्वी घंटेचा हुकूम द्यावा, एवढेच मागणे आहे. बाईंना स्वतःसाठी काही नको.

तसदीची माफी असावी.

कोंडबंदर, ता. ९ नोव्हेंबर १९३५.

अर्जदाराची सही :
दमयंती हरिश्चंद्र तोडणकर

सोबत : सभेच्या वृत्तांताची नक्कल, गफूर तांडेल याचा जबाब.

लिहिणार : रावजी बाळाजी खेर, अर्जनवीस.
वरील सही बाईंनी स्वहस्ते केली. नियमाची अडचण पुन्हा येऊ नये म्हणून, सही झाल्यावर त्यांनी धक्क्यावर उभे राहून ते नाव माझ्या व गफूर तांडेलाच्या समक्ष तीन वेळा मोठ्याने घेतले. त्या वेळी खाडीवर स्वच्छ ऊन होते. आवाज पैलतीरापर्यंत ऐकू गेला, असे तिकडच्या लोकांनी सांगितले. ही गोष्ट बाईंना अद्याप कळविलेली नाही.