वरचं काही नाही

३ मार्च, सोमवार
पाच किलो सहाशे. महिन्यात फक्त शंभर ग्रॅम! पिटुकली चार महिन्यांची झाली आणि तिच्या वजनाच्या कार्डावरची रेघ आडवी झोपली. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "सहा महिने फक्त अंगावरचं. वरचं काही द्यायचं नाही."

घरी आल्या आल्या सगळ्यांना बजावलं — वरचं काही नाही. सासूबाई म्हणाल्या, "तुझं पुरत नसेल. माझंही पुरलं नव्हतं. आपल्या घराला ते लाभतच नाही." मी सून. रक्ताचं नातं नाही, पण वारसा बरोबर माझ्याकडे आला!

५ मार्च
वरच्या मजल्यावरच्या काकू नातवाला घेऊन आल्या. तोही चारच महिन्यांचा, पण टम्म. मनगटाला तीन तीन वळ्या. त्या वळ्या त्यांनी मला एकेक करून दाखवल्या. "काळजी करू नकोस हं, काळजीने दूध आटतं." म्हणजे आता त्याचीही काळजी.

जाताना पावडरचा डबा ठेवून गेल्या. सासरे गुडघे धरत जिना चढले आणि परत देऊन आले. "सांगितलं त्यांना, आमच्याकडे वरचं चालत नाही." मला भरून आलं. घरात एक तरी माणूस माझ्या बाजूचा आहे.

१० मार्च, सोमवार
वीस ग्रॅम. हे तिचे की लंगोटाचे?

११ मार्च
नवरा कारखान्यात माल तपासतो. त्याने तक्ता केलाय — कुठल्या बाजूला किती मिनिटं. काल विचारलं, "डावीकडे कमी का?" मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तक्ता सध्या कपाटावर आहे.

दुपारी उठून पाजायला घेतलं तर पिटुकलीने तोंड फिरवलं. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

१४ मार्च
आज झोप मध्येच मोडली. बाहेर येऊन बघते तर सासऱ्यांच्या मांडीवर पिटुकली, हातात वाटी-चमचा. साखरपाणी!

"बाबा, वरचं द्यायचं नाही म्हटलं होतं ना?"

ते दुखावलेच. "वरचं कुठे? आपल्याच स्वयंपाकघरातलं आहे. वरच्यांचा तर डबासुद्धा परत केला मी."

महिनाभर चाललंय. रोज दुपारी, मी झोपले की. "तुझा नवरा तान्हा असताना माझी आई असंच द्यायची. हिला झोप मिळावी म्हणून गुपचूप." 'हिला' म्हणजे सासूबाईंना. त्या स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या.

१७ मार्च, सोमवार
सिस्टर हसल्या, मग रागावल्या. "एवढंसं पोट. पाण्याने भरलं तर दूध प्यायचं कुठे? आणि बाळाने ओढलं नाही की दूधही कमी येतं." वाटी-चमचा जप्त. सासरे शुक्रवारपासून माझ्याकडे न बघता पेपर वाचतायत.

३१ मार्च, सोमवार
सहा किलो! रेघ उठून बसली. नवरा म्हणतो, तक्त्यामुळे. वरच्या काकू म्हणतात, "मी म्हटलं होतं ना, काळजी करू नकोस." सासरे कार्ड घेऊन जिना चढले, दाखवायला. माझं नाव कुणी घेतलं नाही. पण मी आज दोनदा जेवले.

१ एप्रिल
दुपारी सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा माझंही पुरत होतं गं."